गोठ्यातली फटफटी



आजचा विषय ऐकून काही जण हसतील. हसा, आमची हरकत नाही. विषय आहे जुन्या मोटारसायकलीचा. आपल्या बोलीत, फटफटीचा. ती घरच्या घरी कशी उभी करावी, कुठे हात घालावा आणि कुठे मुळीच घालू नये, हे आज सांगणार आहोत.

गुरुजींनी खडू सोडून पाना कधी धरला, असे कोणी विचारील. सेवानिवृत्त झाल्यावर आम्ही वडिलांची जावा दुरुस्त केली. १९६८ सालची गाडी. बावीस वर्षे ती गोठ्यात वैरणीखाली पडून होती. कोंबड्या तिच्या सीटवर अंडी घालीत. हे काम आमच्यासारख्या मॅट्रिक झालेल्या म्हाताऱ्याला जमले, तर तुम्हांला का जमू नये? तुमचे हात आमच्यापेक्षा कामाचे आहेत.

तुमच्यापैकी चार-पाच घरी तरी अशी गाडी असेल. भंगारवाला दारात येतो. काटा लावतो. चार हजार रुपये पुढे करतो आणि गाडी घेऊन जातो. आजोबांनी जी गाडी दूध घालून, पै पै साठवून घेतली, ती किलोच्या भावाने जाते. तीच गाडी चालू असली आणि कागद नीट असले, तर हौशी माणूस तिचे कितीतरी पट मोल देतो. तेव्हा विकायचीच असेल तर विका, पण मोल जाणून विका.

आधी जात ओळखा. बैलांत जशी खिल्लार, डांगी, देवणी, तशा या गाड्यांतही जाती आहेत. आपल्याकडे मुख्य तीन.

पहिली बुलेट. हिचा जन्म इंग्लंडचा. १९५५ साली मद्रासच्या एका कंपनीने इंग्लंडच्या रॉयल एनफिल्ड कंपनीशी करार केला आणि मद्रासजवळ तिरुवोत्तियूरला कारखाना निघाला. पुढे इंग्लंडात ही गाडी बनायची बंद झाली. आपल्याकडे मात्र ती बनतच राहिली. आई गेली, पण लेक सासरी नांदली, असे झाले.

दुसरी राजदूत. १९६२ पासून एस्कॉर्ट्स कंपनीने ती बनवली. तिचा मूळ नमुना पोलंड देशाचा. एकशे पंचाहत्तर सीसीची ही गरीब गाय. दुधाचे कॅन दोन्ही बाजूंना लावून तिने किती कच्चे रस्ते तुडवले, त्याला गणती नाही.

तिसरी जावा. ही चेकोस्लोव्हाकियाची. १९२९ साली यानेचेक नावाच्या कारखानदाराने वांडरर नावाच्या जर्मन गाडीचे हक्क घेतले. यानेचेकमधले ‘जा’ आणि वांडररमधले ‘वा’ मिळून जावा झाली. मुंबईच्या इराणी मंडळींनी ती आपल्या देशात आणली आणि १९६१ च्या सुमारास म्हैसूरला तिचा कारखाना सुरू झाला. १९७३ पासून तिचे नाव येझदी पडले. १९९६ मध्ये तो कारखाना बंद झाला. २०१८ मध्ये जावा नावाची नवी गाडी बाजारात आली. पण तिचे इंजिन अगदी वेगळे. तिचा सुटा भाग जुन्या जावाला बसत नाही. दुकानदार ‘जावाचाच आहे’ म्हणून काही गळ्यात मारील, तर हे ध्यानात ठेवा.

आता पाना हातात घेण्याआधी कागद हातात घ्या. हा भाग नीट ऐका.

आमच्या शेजारच्या गावच्या एका शेतकऱ्याने बाजारातून जुनी बुलेट घेतली. साठ हजार रुपये मोजले. म्हैस विकून आलेले पैसे. आम्ही त्याला विचारले, “दादा, नंबर ताडून बघितलास का?”

तो म्हणाला, “गुरुजी, मला कुठं वाचता येतंय? त्यानं पुस्तक दाखवलं, मी शिक्का बघितला. शिक्का खरा होता.”

शिक्का खरा होता, पण पुस्तक दुसऱ्याच गाडीचे होते. सहा महिन्यांनी पोलिसांनी गाडी नेली. ती चोरीची निघाली. पैसे गेले, गाडी गेली, वर कोर्टाच्या खेपा. तो माणूस पुढे आमच्या रात्रीच्या वर्गाला येऊन बसला. चाळिशी उलटली होती. आज त्या गावात कोणी जुनी गाडी घेतली, की नंबर वाचायला त्यालाच बोलावतात.

प्रत्येक गाडीवर दोन नंबर ठोकलेले असतात. एक इंजिनवर. दुसरा सांगाड्यावर, बहुधा हँडलखाली मानेजवळ. त्याला चॅसी नंबर म्हणतात. गंज आणि रंग हलक्या हाताने पुसा. वर पातळ कागद धरा आणि शिसपेन्सिल आडवी घासा. लहानपणी नाण्याचा छाप काढायचो, तसा नंबराचा छाप उठतो. तो नोंदणी पुस्तकातल्या नंबराशी एकेक अक्षर लावून बघा. तीन आणि आठ, एक आणि सात यांत घोटाळा होतो. जिथे नंबर खरवडलेला किंवा पुन्हा ठोकलेला दिसेल, तिथे गाडी कितीही गोजिरी असो, हात जोडून परत फिरा.

गाडी वडिलांच्या नावावर असेल आणि वडील वारले असतील, तर वारसाने तीस दिवसांत आरटीओ कार्यालयाला कळवावे आणि तीन महिन्यांत नावावर करून घेण्याचा अर्ज द्यावा. त्या अर्जाला फॉर्म ३१ म्हणतात. पुष्कळ घरांत हे वर्षानुवर्षे राहून जाते. राहिले असेल तर आधी ते निस्तरा. पंधरा वर्षांनंतर नोंदणीही पाच-पाच वर्षांसाठी नवी करून घ्यावी लागते. फी आणि कर बदलत असतात, म्हणून ते कार्यालयाच्या खिडकीवरच विचारावेत, एजंटाला नव्हे.

कागद झाले. आता काम.

गाडी सोडवायला घाई नको. जागा स्वच्छ हवी. खाली जुने धोतर किंवा गोणपाट अंथरा. रिकामे डबे जमवा. जो भाग सोडाल, त्याचे नट-बोल्ट त्याच्याच डब्यात टाका आणि डब्यावर चिठ्ठी लावा. ‘पुढचे चाक’, ‘कार्बोरेटर’, ‘डावे झाकण’. आमच्या घरी असे चौतीस डबे झाले होते. घरच्या मंडळींना पिठाला डबा उरला नाही, तेव्हा जे ऐकून घ्यावे लागले ते इथे सांगत नाही. चिठ्ठी पेनाने लिहू नका, तेल लागले की शाई पसरते. पेन्सिलीने लिहा. मोबाइल असेल तर प्रत्येक भाग सोडण्याआधी फोटोही काढा.

गंजलेला बोल्ट हातोडीने मारून निघत नाही. मारला की डोके तुटते आणि अर्धा आत राहतो. त्यावर पातळ तेल सोडा, रात्रभर मुरू द्या, मग बरोबर मापाच्या पान्याने थोडे पुढे, थोडे मागे असे करत काढा. ढिला पाना म्हणजे बोल्टाचे कोपरे गेलेच म्हणून समजा.

इंजिन जाम असेल तर घाबरू नका. प्लग काढा आणि त्या भोकातून थोडे डिझेल व इंजिन ऑइल आत ओता. चार-आठ दिवस राहू द्या. मग गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून मागचे चाक हळूच पुढे-मागे हलवा. किकवर उभे राहून उड्या मारू नका. आमची गाडी अकराव्या दिवशी हलली. पिस्टन एक सुताने सरकला, तेव्हा आमच्या घरातल्या लहान पोरांनी असा गलका केला, की शेजारी धावत आले.

जावा आणि राजदूत या दोन धावांच्या, म्हणजे टू स्ट्रोक गाड्या. बुलेट चार धावांची. फरक सोपा आहे. बुलेटच्या पोटात वेगळे तेल असते. ते तेल फिरते आणि तिचे आतले भाग ओले ठेवते. टू स्ट्रोक गाडीत तेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. पेट्रोल आत जाताना तेही बरोबर जाते आणि बेअरिंग, पिस्टन यांना ओलावा देते. तेल विसरलात तर पिस्टन सुका घासतो, तापतो आणि सिलिंडरला चिकटतो. चालत्या गाडीत हे झाले तर मागचे चाक जागच्या जागी अडकते आणि माणूस रस्त्यावर फेकला जातो. जुन्या जावासाठी प्रमाण एका लिटरला चाळीस मिलिलिटर. औषधाच्या बाटलीवर खुणा असतात, तसे माप ठेवा. अंदाजाने ओतू नका.

सिलिंडर झिजला असेल तर लेथवाल्याकडे न्यावा लागतो. जावाच्या सिलिंडरचा मूळ व्यास पासष्ट मिलिमीटर. घासून तो थोडा मोठा करतात आणि त्या मापाचा पिस्टन घालतात. याला बोअर करणे म्हणतात. आधी पिस्टन विकत आणा, मग त्याच्या मापाने बोअर करा. उलटे केलेत तर पिस्टनसाठी गावोगाव फिराल. कोल्हापूरच्या उद्यमनगरसारख्या ठिकाणी या कामाचे मुरलेले कारागीर आहेत. हे काम घरी होत नाही आणि करूही नये.

जावाचे एक दुखणे मुद्दाम सांगतो. इंजिनच्या दांड्याला दोन्ही बाजूंनी रबरी सील असतात. गाडी वर्षानुवर्षे पडून राहिली की ते लाकडासारखे कडक होतात. मग गिअरपेटीतले तेल इंजिनात ओढले जाते आणि गाडी वीटभट्टीसारखा धूर सोडते. मिस्त्री म्हणतो, पिस्टन बदला. खरा रोग सीलचा असतो. सील पिस्टनच्या मानाने स्वस्त, पण बदलायला इंजिन पूर्ण उघडावे लागते. म्हणून एकदा इंजिन उघडलेच आहे, तर सील बदलूनच मिटवा.

विजेचे काम अवघड वाटते, पण तसे नाही. प्लग स्वच्छ करा. पॉइंट म्हणजे उघडमीट करणारे दोन छोटे दाते. त्यांच्यातले अंतर उघडल्यावर सुमारे ०.४ मिलिमीटर हवे. ते फीलर गेजने, म्हणजे पातळ पात्यांच्या मापाने बघतात. जुन्या जावाची बॅटरी सहा व्होल्टची. तिला आजच्या बारा व्होल्टच्या बॅटरीचे ठिगळ लावू नका, दिवे उडतील.

आता पेट्रोलच्या टाकीबद्दल. इथे थोडे थांबतो, कारण इथे माणसे मरतात.

टाकी गंजून भोक पडले, की लोक ती वेल्डिंगवाल्याकडे नेतात. ‘रिकामी आहे हो, चार वर्षे पेट्रोल नाही तिच्यात,’ असे सांगतात. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा घातक असते. पेट्रोल जळते ते वाफेच्या रूपात, हवेशी मिसळून. भरलेल्या टाकीत हवेला जागा कमी. रिकाम्या टाकीत वाफ आणि हवा दोन्ही कोंडलेल्या. गंजाच्या पापुद्र्यात मुरलेले पेट्रोल ज्योतीने तापले की पुन्हा वाफ सोडते. मग ती टाकी नव्हे, बाँब होतो. आमच्या तालुक्यात एका तरुण पोराचे दोन्ही हात असेच भाजले. तो वाचला, पण त्याची बोटे पुन्हा पान्यावर आवळली नाहीत. तेव्हा टाकीचे जोडकाम घरी नाही, कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडेही नाही. जो ती नीट धुऊन, वाफ पूर्ण घालवून मग हात लावतो, अशाच जाणत्याकडे द्या. असा माणूस मिळाला नाही, तर दुसरी टाकी घ्या.

गंज काढणे मात्र घरी होते. उरलेले पेट्रोल उघड्यावर काढा, चुलीपासून दूर. टाकी पाण्याने धुवा. मग तिच्यात व्हिनेगर भरून एक-दोन दिवस ठेवा. मूठभर जुनी साखळी आत टाकून हलवा, म्हणजे पापुद्रे सुटतात. साखळी मोजून टाका, मोजून काढा. मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, साध्या पाण्याने धुवा आणि कडक उन्हात पूर्ण वाळवा. लगेच आतून तेल फिरवा. नाहीतर दुसऱ्या दिवशी पुन्हा तांबूस दिसू लागते.

सुटे भाग पेट्रोलने धुवायची वाईट सवय आपल्याकडे आहे. त्यासाठी डिझेल वापरा, तेही उघड्यावर. आणि विडी ओढणाऱ्याला चार हात दूर बसवा, मग तो सोयरा असला तरी.

जुन्या ब्रेकच्या पट्ट्यांत ॲस्बेस्टॉस असू शकते. ती धूळ तोंडाने फुंकू नका. फुप्फुसात गेलेली ही धूळ वीस-तीस वर्षांनीही घात करते. ओल्या फडक्याने पुसा आणि फडके पिशवीत बांधून टाका. जुना रंगही कोरडा घासू नका, त्यात शिसे असते. पाणी लावून पॉलिश पेपरने घासा आणि पोरांना लांब ठेवा. चकचकीत भागांचे क्रोमिंग बाहेरूनच करून घ्यावे. त्या कामाचे पाणी फार विषारी असते. विहिरीजवळ तसला उद्योग नको.

रंगाबद्दल आमचे मत थोडे हट्टी आहे. जावा तांबडी-मरून, टाकीच्या कडेला क्रोम, वर सोनेरी रेघ. तशीच असावी. हल्ली पोरे येतात आणि म्हणतात, “गुरुजी, काळी करा, पुढचे चाक लांब करा, सायलेन्सर कापा, मस्त आवाज येईल.” आवाज येईल हे खरे. गावातला आजारी माणूस दचकून उठेल, हेही खरे.

गाडी आपल्या गरजेप्रमाणे बदलणे ही हौस आजची नाही. महायुद्धातून उरलेल्या हार्ले-डेव्हिडसन गाड्यांना मागे बाके जोडून दिल्लीत रिक्षा केल्या होत्या. त्यांनाही लोक फटफटीच म्हणत. १९९८ च्या सुमारास त्या बंद झाल्या. सौराष्ट्रात बुलेटच्या पुढच्या भागाला डिझेल इंजिन आणि मागे हौदा जोडून छकडा तयार झाला आणि त्याने शेतकऱ्यांचा माल वाहिला. हातांची ही अक्कल आम्ही मानतो. पण आज कायदा काय म्हणतो, ते ठाऊक हवे. कारखान्याने जशी गाडी बनवली आणि पुस्तकात जशी नोंदली, तिच्याहून वेगळी करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच सांगितले. बेकायदा बदलाला प्रत्येकी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. सीटचे कव्हर, पिशव्या अडकवायची कडी, एवढी हौस चालते. रंग बदलायचा तर आधी आरटीओला विचारा, कारण रंग पुस्तकात लिहिलेला असतो.

पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाड्यांसाठी २०२१ साली वेगळा नियम झाला. तिला ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नंबरात ‘व्ही ए’ ही अक्षरे येतात. नियमात पहिली फी वीस हजार ठरवली आणि मुदत दहा वर्षांची. पण एक गोम आहे. अशी गाडी रोज रस्त्यावर वापरता येत नाही. प्रदर्शनाला, मेळाव्याला, पेट्रोल भरायला, दुरुस्तीला नेता येते. ज्याला गाडीवर बसून रोज मळ्यात जायचे आहे, त्याने हा रस्ता धरू नये. त्याने साधी नोंदणीच चालू ठेवावी.

खर्च किती आला, हे सगळे विचारतात. आमचा हिशेब वहीत आहे. बोअर, पिस्टन, सील, टायर-ट्यूब, रंग, क्रोम, वायरी मिळून अडतीस हजार सातशे. साडेपाच महिने लागले. पेन्शनीतून थोडे थोडे केले. कर्ज काढून हे काम करू नका. गाडी बावीस वर्षे थांबली, आणखी दोन सुगी थांबेल.

इंजिन जोडून झाले, की लगेच पळवू नका. नवा पिस्टन आणि बोअर एकमेकांना सरावले पाहिजेत. नवी जोडी औताला धरतो, तसेच. पहिले पाचशे किलोमीटर ताशी चाळीसच्या आत चालवा, चढावर ताणू नका, मागे माणूस बसवू नका. मध्ये थांबून इंजिन निवू द्या.

पेट्रोलबद्दलही एक सांगायचे. २०२५ पासून पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. त्यातले काही आपल्याच उसाचे. शेतकऱ्याला त्यातून पैसा मिळतो, ही चांगली गोष्ट. पण इथेनॉल पाणी ओढून घेते आणि जुने रबर फुगवते. म्हणून जुन्या गाडीची पेट्रोलची नळी आणि कार्बोरेटरमधले रबर नव्या जातीचे बसवा. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा करा आणि टाकीतले पेट्रोल काढून ठेवा.

आमची जावा बाहेर चिंचेखाली उभी आहे. तिची किक आणि गिअर एकाच दांडीचे आहेत, डाव्या बाजूला. दांडी आत दाबून वर फिरवली की किक होते, खाली आणली की गिअर. ज्यांना बघायचे असेल त्यांनी यावे. आधी मानेवरचा नंबर वाचून दाखवा, मग किक मारायला देऊ. म्हाताऱ्यांनी गुडघा सांभाळावा. आणि विड्या इथेच विझवून या.